अर्धी हळद लागलेले सोळा उंदीर

सांडोर, वसई
११ फेब्रुवारी १९८१

चि. हरिश्चंद्र यास आत्माराममामाचे आशीर्वाद.

तुझा खोकला थांबला असेल, खानावळीतलं जेवण सुधारलं असेल आणि ताई बरी असेल असं धरून चालतो, कारण विचारपूस करत बसलो तर तक्रारीला कागद पुरणार नाही. इकडे आम्ही दोघं ठीक, केळीची बाग ठीक. तुझे उंदीर आमच्याहून ठीक आहेत आणि तीच तक्रार आहे.

प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्त होईतो पंधरा दिवस म्हणून तू दोन पिंजरे ओटीवर ठेवून गेलास, त्याला आठ महिने झाले. (तेवढ्यात शेजारच्या काशीरामने अख्खं घर बांधलं.) तू सांगितलेलं मी पाठ केलं होतं. आठ उंदरांना जन्मल्याबरोबर थायरॉईडच्या हार्मोनची सुई टोचलेली, आठांना नुसतं मिठाचं पाणी. टोचलेल्यांची वाढ खुंटते, अंगातली आग मंदावते, आणि ते कमी जगतात की जास्त, हे तुला बघायचंय. सगळे मिसळून ठेवलेले, म्हणून टोचलेल्यांच्या पाठीवर पिवळा ठिपका. दाणे मोजून घालायचे, दर रविवारी वजन करायचं. घरात तुझी द्वारकामामी आहे, हे मात्र आपण दोघेही विसरलो.

डिसेंबरात पुतणीचं, चंद्रकांताचं, लग्न झालं. हळद उरली. द्वारका वाटी घेऊन ओटीवर आली, पिंजऱ्यात डोकावली आणि भडकली. "निम्म्यांनाच लावली? उरलेल्यांनी काय घोडं मारलंय?" मी केळीला पाणी लावून परत येईतो सोळाच्या सोळा पिवळे! बरं, आकारावरून ओळखावं, तर बारकी दिसतात म्हणून ती त्यांना महिनोन् महिने चोरून बागेतल्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी चारत होती. सगळेच गरगरीत. मी बोललो तर म्हणते, लेकरांना मोजून वाढायची रीत आपल्याकडे नाही.

मग मी, या वयात, पाच रविवार ओटीवर ठिय्या देऊन एकेकाला सुकेळ्याचा तुकडा देत बसलो. निम्मा टाकून पेंगतो आणि हाताला गार लागतो, तो टोचलेला. पंधरांचा निकाल लागला. सोळावी वजाबाकीने टोचलेली ठरली. सगळ्यांत छोटी, सगळ्यांत गार, पण खाते तिघांचं! हिला तुझं शास्त्र लागू नाही. द्वारकाने तिचं नाव रंभा ठेवलंय.

आता तुझं पत्र आलंय, की तू पुढच्या शुक्रवारी सगळे घेऊन जाणार. तुझ्या प्रयोगशाळेतल्या सरांना आयुष्य मोजत बसायला धीर नाही, उंदीर कापून ग्रंथी बघणार, आणि त्यावर तुझी डॉक्टरेट. उत्तम. ये आणि ने. माझ्या ओटीला वास मारतो, पाहुणे अंगणातूनच परत जातात, मला एका दिवसाचाही उशीर चालणार नाही.

तुझा वैतागलेला,
आत्माराममामा

ता. क. पिंजरे नेताना पंधराच मोज. रंभा मेली असं वहीत लिही. तारीख तुला सोयीची पडेल ती घाल. एका उंदरावाचून तुझी डॉक्टरेट अडत असेल तर तसं कळव, मी सरांना स्वतः येऊन भेटतो.

ता. क. दुसरा. हे मामीने सांगून लिहिलंय असं समजू नकोस. ती म्हणते, पोराचं शिक्षण आहे, सगळे जाऊ देत. तिला यातलं काही बोलू नकोस. रंभाला थंडी फार बाधते, म्हणून ती माझ्या सदऱ्याच्या खिशात झोपते. आत्ताही तिथेच आहे.