सलग खुर्च्या

बाबा,

यंदा आपल्या रायपूरच्या मराठी मंडळाच्या नाटकाला एकाही कुटुंबाची फाटाफूट झाली नाही. एकाही! खुर्चीवरून भांडल्याशिवाय ज्यांना नाटक पाहिल्यासारखं वाटत नाही, ती आपली चौबे कॉलनीची मंडळी गुमान एकमेकांशेजारी बसली, आणि हे तुमच्या पोरीच्या कॉम्प्युटर प्रोग्रामनं केलं.

तुम्ही होता तेव्हा खुर्च्यांची व्यवस्था तुमच्याकडे असायची. छातीवर बिल्ला लावून तुम्ही रुमाल टाकून अडवलेल्या जागा मोकळ्या करत फिरायचात. बूढापाऱ्यातल्या घरून आम्ही सगळ्यांत आधी पोचायचो आणि सगळ्यांत शेवटी बसायचो. अजून दिसतं मला. मी आईला बिलगून बसलेय, पडदा उघडणारच, आणि तुम्ही येऊन म्हणताय, "ऊठ पोट्टे. पाहुन्यायले आधी. आपन घरचे आहो, कुठंबी बसू." आई मागच्या रांगेत गेली, मी खांबाजवळ, अनोळखी काकूंशेजारी. नाटक विनोदी होतं. सगळे हसत होते आणि मी आई हसतेय का ते मागे वळून बघत होते. ते मला फार लागलं होतं, बाबा.

नव्या रायपूरच्या ऑफिसात मी कोडिंग शिकले, ते यंदा इथे कामी आलं. प्रत्येक रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांचे नंबर चढत्या क्रमाने एका अ‍ॅरेत, म्हणजे यादीत, ठेवायचे. पुढचा नंबर मागच्याहून एकानेच मोठा असेल तर गट चालू. मध्ये फट पडली की गट संपला, तो नोंदवायचा आणि नवा धरायचा. मग चौघं आले की चार सलग खुर्च्यांचा गट त्यांना द्यायचा.

तिकीटविक्रीच्या दिवशी मंडळाचे सचिव, तुमचे जुने दोस्त, कागदी नकाशा घेऊन माझ्या मानेशी उभे. पाच जणांचं कुटुंब आलं. स्क्रीन म्हणते, सलग पाच नाहीत. काकांनी नकाशावरच्या रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं. "हे पाय, भिंतीकडच्या पाचही खाली दिसून राहिल्या, अन् तुहं मशीन नाही म्हनते. तुह्या बापानं उभ्याउभ्या बसवलं असतं." हशा पिकला. मी कोड पुन्हा वरून वाचायला घेतला.

आणि मग लख्ख दिसलं. फट आली की गट नोंदव, असं मी लिहिलं होतं. टोकाच्या गटापुढे फट येणार कुठून? तिथे अ‍ॅरेच संपतो. प्रत्येक रांगेचा शेवटचा गट मी चक्क गिळत होते! फेरी संपल्यावर हातातला गटही नोंदव, एवढीच ओळ घातली, आणि स्क्रीनवर त्या पाच खुर्च्या हिरव्या झाल्या. "हव, आता जमलं," काका म्हणाले आणि स्वतःच्या खिशातून चहा पाजला. त्यांच्या खिशातून चहा निघणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

नाटकाच्या दिवशी मी बिल्ला लावला नाही. आईशेजारी बसले. तिच्या पलीकडे माझी मुलगी, दर दोन मिनिटांनी "आजी, ये क्या बोला?" म्हणून विचारणारी. आईचं हसू अगदी कानाशी ऐकू येत होतं. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालानंही कधी दिला नव्हता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी एक सांगून टाकते. त्या तीन सलग खुर्च्या मी विक्री उघडण्याआधीच घरच्यांसाठी काढून ठेवल्या होत्या. पाहुण्यांच्या आधी. तुम्ही असता तर येऊन आम्हाला उठवलं असतंत. आणि बाबा, मी उठले नसते.