गाभाऱ्यातला फोटो

ती. स्व. लक्ष्मीकांतदादांस,
वत्सलाचा नमस्कार.

काल तुम्ही फोनवर म्हणालात, "वत्सले, देवळाच्या वेबसाइटवरचा फोटो 'माझाच आहे' म्हणत एका फोटोग्राफरनं नोटीस धाडली. आपल्याले तं तो कोनी काढला तेच माहीत नाही. रविवारी विश्वस्तांच्या बैठकीत चोरी कबूल करून माफीनाम्यावर सही करतो."

दादा, तो फोटो मी काढला आहे. फोनवर तोंड उघडलं नाही, म्हणून लिहिते.

माघात दर्शनाला आले होते. गुरुजी फुलं आणायला गेले आणि दारातून ऊन थेट नृसिंहाच्या तोंडावर आलं. लहानपणापासून पाहिलेला देव त्या दिवशी माझ्याकडे पाहत होता. 'फोटो काढू नये' ही पाटी तुम्हीच लावलेली, तरी हात आवरला नाही. माझ्या प्राचीला पाठवला, तिनं पुढे धाडला, फिरत फिरत तुमच्याकडे आला. तुम्ही कौतुकानं वेबसाइटवर लावलात अन् मी गप्प बसले.

आज मोबाईलमधला मूळ फोटो मोठा करून पाहिला. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीतल्या फोटोत कडा कापल्या आहेत. माझ्याजवळच्या फोटोत कडेला पितळी प्रभावळ आहे आणि तिच्यात, आरशात दिसावी तशी, हिरव्या बांगड्या घातलेली, पदर घेतलेली मी उभी आहे. मी देवाला चोरून टिपत होते अन् तो मला आपल्याजवळ ठेवून घेत होता.

हे पत्र टाकत नाही. रविवारी हा पुरावा मोबाईलमध्ये घेऊन मीच बैठकीला येते. सगळ्यांदेखत रागावा. देवानं मला लपवलं नाही, आता मीही लपणार नाही.

तुमची धाकटी,
वत्सला