कार्ड निवडेपर्यंत

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी रोज पानभर हाताने लिहायला सांगितलंय, म्हणून तुझा हा छळ. पाय गेले ते गेले, आता दुखणं बोटांकडे वळलंय. उजवी करंगळी संपावर आहे. बाकीची वर्षभर साथ देतील असं डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

तेव्हा गेमिंग लॅपटॉप आता घ्यायचाच. दोघांनी एकाच दोराला बांधून घेऊन बर्फाचा डोंगर चढायचा, तो खेळ. तू तिकडून, मी इकडून. ग्राफिक्स कार्ड लाल कंपनीचं घेऊ की हिरव्या? लाल स्वस्त आणि चपळ. हिरव्यात बर्फावरचं ऊन नुसतं बघत बसावं असं दिसतं. दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर लॅपटॉपची पोटं उघडून बसतेस, तूच सांग. बाबांना विचारलं तर म्हणाले, दोन्ही रंग छान आहेत.

लोभ आहेच, कानउघाडणीसकट राहू दे.
तुझा धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

घाई नको. लॅपटॉपमधलं कार्ड बोर्डालाच डाख देऊन बसवलेलं असतं. एकदा घेतलं की जन्मभर त्याच्याशीच संसार. शिवाय तेच कार्ड पातळ लॅपटॉपात घातलं तर त्याला वीज कमी मिळते आणि ते धापा टाकतं. तुझ्या गळ्यात काहीतरी मारायचं नाहीये मला. हिरव्यांचं नवीन येतंय, तोवर थांबू.

हसशील, माहीत आहे. फ्रिजचं नवं मॉडेल येऊ दे म्हणत बाबांनी आपल्याला दोन उन्हाळे कोमट पाणी पाजलं. मी त्यांचीच मुलगी.

लिहिणं चुकवू नकोस. माझ्यावर रागावलास तरी लिहीत राहा.
तुझी ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराचे कोंबडीचे पाय झालेत, गोड मानून घे. पेन मुठीत धरावं लागतं.

हिरव्यांचं नवीन आलं. आता म्हणतेस, लालवाले काय उत्तर देतात ते बघू. ताई, मला भीती वाटते. खेळातल्या सावल्या खोट्या दिसल्या तरी चालतील. कुठलंही घे.

धाकटा

६ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

लालचंही आलं. दुकानात दोन्ही कार्डांचे लॅपटॉप चालवून पाहिले आणि हिरवं घेतलं. लॅपटॉप जाडजूड आहे, पण कार्डाला पोटभर वीज देणारा. आज पाठवला. मी रजा साठवतेय, वर्षाअखेर सलग महिनाभर येईन. मग शेजारी बसून चढू.

आईबाबांना नमस्कार, तुला पाठीवर एक धपाटा.
ताई

२५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बाबांचं, शब्द माझे.

लॅपटॉप आला. तुझी निवड अगदी बरोबर आहे. पण माझ्याच्याने बटणं दाबली जात नाहीत. बाबा खेळतात, मी सांगतो. मी डावीकडे म्हणतो, ते विचारतात कुणाच्या डावीकडे, तोवर आम्ही दरीत. ऊन इतकं स्वच्छ दिसतं की रडू येतं, आणि मग माझे डोळे पुसायला बाबांना खेळ थांबवावा लागतो.

तुला दोष देत नाही. इथे बाबा लिहायचे थांबले, त्यांनाही तेच सांगितलं. डॉक्टर आता घशाबद्दल बोलायला लागलेत.

रजा साठवू नकोस. आहे तेवढी घेऊन ये, मला बोलता येतंय तोवर.

तुझा धाकटा