बारा एकर केळी

मंगळवार, ९ सप्टेंबर. जळगाव.

सकाळी बँकेत जाऊन आलो, दुपारी घरीच. संध्याकाळी पुण्याहून स्नेहाचा फोन. माझ्या प्रशांतचं केळी-कापणीचे मजूर ठरवायचं ॲप तिची कंपनी बनवते. पोरगा गेला तेव्हापासून तिचे फोन मलाच येतात.

"काका, ॲप तयार आहे. पाचोऱ्याच्या शेतकऱ्यांना देण्याआधी चाचणीची नावं पुसावी लागतील. प्रशांतचंही."

चाचणीसाठी त्याने ॲपमध्ये स्वतःलाच शेतकरी केलं होतं. बारा एकर केळी! आमची गुंठाभर जमीन नाही, म्हणून दोन ठिकाणी त्याची सोयरीक जुळली नाही. नाव भरताना हसत म्हणाला होता, "बाबा, झालो बागायतदार. आता देतील मुलगी."

बारा एकर. नाव राहिलं तर कोणाचं काय बिघडतं? स्नेहा म्हणाली, खरे मजूर त्या बागेत कापणीला निघतील. तेही खरंच. ॲप लोकांच्या हातात जावं म्हणूनच तर त्याची धडपड होती. ते माझ्यामुळे अडावं का?

तासाभराने मीच फोन केला. "पुसून टाका."

"बागही काढू ना, काका?"

"काढा."

मग एकट्यापुरता भात लावला.