कुंकवाचं तेवढं न्यायचं

कऱ्हाड,
ता. ११ एप्रिल १९५५

ती. गं. भा. माणिकताईस,
नंदूचा शि. सा. न. वि. वि.

लिहायचं लिहायचं म्हणून शिमगा गेला, पाडवा गेला. तुझं कार्ड खिशात घेऊन हिंडत होतो. शर्ट धोब्याकडे गेला, त्याच्याबरोबर कार्डही गेलं. धोब्याने ते वाळवलं, वाचलं आणि परत देताना विचारलं की बहिणीला उत्तर दिलंत का. मग लाजेने बसलो.

तंबू सिनेमात माझं बरं चाललंय. दिवसा बैलगाडीतून भोंग्यावर ओरडायचं, संध्याकाळी दाराशी तिकिटं फाडायची. काल पडद्यावर घर पेटलेलं बघून पुढच्या म्हातारीने तांब्यातलं पाणी फेकलं. पडदा भिजला आणि मालकाने डोळे वटारले माझ्यावर. कुठे होतो मी? हां, दादा. घाटकोपर सोडून मालाडला ब्लॉकमध्ये चाललाय हे तुझ्या कार्डावरून कळलं. सख्ख्या भावाला दोन ओळी टाकवत नाहीत त्याला.

आईचं शिवणयंत्र तुझ्याकडे पोचलं का? शेवटच्या दुखण्यात ती आम्हा दोघांदेखत म्हणाली होती, यंत्र माणिकचं. दादाने मान हलवली होती, मी बघितलीय ना. भावोजी गेल्यापासून तू हाताने शिवतेस, असं किती दिवस पोट भरणार?

काळजी घे, आणि या उनाड भावावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा, नंदू


गोवंडी,
ता. १८ एप्रिल १९५५

चि. नंदूस ताईचे अनेक आशीर्वाद.

त्या धोब्याला माझा नमस्कार सांग. तो नसता तर तू दिवाळीलाच उगवला असतास.

यंत्र आलं नाही, आणि येणारही नाही. मी मागायला गेले तर जयंतीवहिनी म्हणाली, आजारी माणूस काहीही बोलतं. दादा तिथेच बसला होता. तो पेपर वाचत राहिला.

रविवारी, एक मे रोजी, सामान हलणार. दादा-वहिनी देव आणि पाण्याची कळशी घेऊन सकाळीच पुढे जाणार, मालाडला दूध उतू घालायचंय. मला तिकडे बोलावणं नाही. गृहप्रवेशाला मी समोर नको. मी घाटकोपरला बसून हमालांवर नजर ठेवायची, एवढं काम मला दिलंय.

हमालांना वाचता येत नाही म्हणून वहिनीने खूण काढलीय. मालाडला जायच्या वस्तूवर कुंकवाचं बोट. बोट नसेल ते जुन्या बाजारातला माणूस दुपारी येऊन उचलणार, त्याच्याशी तिचं बोलणं झालंय. आईच्या यंत्रावर तिने माझ्यासमोर बोट ओढलं आणि म्हणाली, "कुंकवाची खूण बरी. वन्संचा हात लागायचा नाही."

मी चहा न घेता उठले. तुला सांगून तरी काय उपयोग, तू बैलगाडीत.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती वाढवावी लागत नाही.
तुझी ताई


विटे,
ता. २२ एप्रिल १९५५

ती. माणिकताईस,
शि. सा. न. वि. वि. मायन्यात 'गं. भा.' मुद्दाम लिहिलं नाही. त्या दोन अक्षरांचा मला आता संताप येतो.

तुझं पत्र वाचलं आणि बैलगाडीतून भोंग्यावर सिनेमाचं नाव सांगायच्या ऐवजी वहिनीचं नाव घेतलं. लोकांना वाटलं नवीन नटी आहे. खेळाला गर्दी झाली, काय सांगू तुला. इथे खवा फार छान मिळतो, पण ते जाऊ दे.

ताई, नीट ऐक. वहिनीला अक्कल आहे पण अर्धीच आहे. कुंकू लावायला तुला मनाई आहे ना? नको लावूस. पुसायला कुणाची मनाई आहे? भावोजी गेले तेव्हा सगळ्यांनी मिळून तुझं पुसलं, तेव्हा वहिनीच पुढे होती. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो आणि काही करू शकलो नाही. आता तू पूस. यंत्रावरचं पूस आणि तिथे थांबू नकोस. कपाटावरचं पूस, ट्रंकेवरचं पूस, तिच्या माहेरच्या आरशावरचं पूस. जुन्या बाजारातला माणूस तिनेच बोलावलाय, आपण नाही. वाट लागू दे सगळ्याची.

दादाची दया येईल तुला, मला माहीत आहे. तेव्हा तो पेपर आठव.

मी येऊ शकत नाही, मालकाने पगार अडकवलाय. माझ्या वाटचंही तूच पूस.

धाकट्याचं एवढं ऐक, मग खुशाल कान पकड.
नंदू


गोवंडी,
ता. ३ मे १९५५

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चुलीत घातलं. ठरवलं होतं, फक्त यंत्रावरचं पुसायचं. रविवारी ती दोघं गेली, दार लोटलं आणि ओला पदर यंत्रावर फिरवला. तेवढ्यावर हात थांबेल असं वाटलं होतं. नाही थांबला रे. कपाट, पलंग, ट्रंका, आरसा, डबे. तुझ्या वाटचंही झालं. पदर लालभडक झाला. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाई रंग खेळून आली. फक्त केरसुणी पुसवेना, ती लक्ष्मी. आणि कोळशाचं पोतं राहू दिलं.

लॉरी आली. दत्ताराम म्हणून मुकादम होता, मालवणकडचा. घरभर हिंडून आला आणि विचारलं, बाई, एवढाच? मी म्हटलं, "तुम्हांला काय सांगितलंय? कुंकवाचं तेवढं न्यायचं. बाकीचं माझ्यासारखं, इथेच राहायचं."

तो माझ्या कपाळाकडे बघत राहिला. मग हमालांना हाक मारली. एवढ्या मोठ्या लॉरीत एक पोतं आणि एक केरसुणी चढली, आणि मागे चारही हमाल पाय पसरून बसले. जाण्याआधी दत्तारामने आपण होऊन यंत्र खाली आणलं आणि हातगाडीवाल्याला गोवंडीचा पत्ता समजावला. दुपारी जुन्या बाजारातला माणूस आला. त्याने तर पुन्हा पुन्हा विचारलं की नक्की ना? मी सांगितलं, जयंतीबाईंचं तुमच्याशी बोलणं झालंय ना, मग उचला. घर धुऊन मी किल्ली शेजारी दिली.

रात्री झोप लागणार नाही असं वाटलं होतं. गाढ लागली.

काल यंत्राला तेल घातलं. सुगंधा शेजारीण परकर टाकून गेलीय, तो आज

मध्येच थांबले, कारण दारात सावली पडली. नंदू, वहिनी आलीय. मालाडहून एकटी. अंगावर रविवारचंच लुगडं, काखेत खणाचा तुकडा. गुरुवारी वास्तुशांत आहे, दादाचे साहेब जेवायला येणार, आणि तिच्याकडे घालायला एक धड चोळी नाही. लग्नसराईत कुठलाच शिंपी हात लावत नाही. बोलता बोलता तिची नजर यंत्रावर गेली. तिने ओळखलं. मग खण माझ्यापुढे सरकवून विचारलं की गुरुवारपर्यंत होईल का.

तिला पाणी दिलंय आणि या ओळी पुऱ्या करतेय. बसू दे थोडी. मग उठून माप घेणार आहे. तू इथे असतास तर विचारलं असतं, घट्ट शिवू की सैल. आता माझं मीच ठरवीन.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे, भुकेला राहू नकोस.
तुझी ताई