जयूच्या चाली

उज्जैन
ता. १४ फेब्रुवारी १९५४

ती. दादास,
चारूचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मे महिन्यात नगरला स्त्रियांचा मेळावा आहे आणि त्यात आमची गीते म्हणायची आहेत, हे वाचून जयू दिवसभर घरात नाचत होती. वीस वर्षांची घोडी झाली, पण नाचायची काही थांबली नाही. सोबत सात गीते उतरून पाठवते आहे. चाली मात्र पाठवता येत नाहीत. स्वरलिपी करून दे म्हणून मी तिच्या मागे लागले, तर म्हणते की चाल कागदावर ठेवली की वाळून जाते, मामालाच इकडे बोलाव, मी त्यांच्या गळ्यात घालून देते. मी म्हटले, मामाचा गळा प्रवचनाने फुटलेला आहे, त्यात काही राहायचे नाही. ती म्हणाली, तरी बोलाव.

हे गेल्याला आता सहा वर्षे होतील. रेल्वेच्या नोकरीपायी त्यांनी मला नगरहून इथे आणले आणि इथेच सोडून गेले. ते गेले तेव्हापासून मला शब्द सुचू लागले, हे तुला ठाऊक आहे. शाळेत शिकवून घरी येता येता ओळ होते. घरी पोचले की जयू माझ्या हातातून कागद ओढून घेते आणि पेटी काढून बसते. मला सुरातले काही कळत नाही. लहानपणी उपासनेत बाबा मला सांगायचे की तू नुसते ओठ हलव. म्हणून आमच्या घरात शब्द माझे आणि चाल तिची, अशी वाटणी आहे.

नाताळच्या गीतावरून इथे थोडी गंमत झाली. डिसेंबरात ती मैत्रिणीबरोबर चादर घ्यायला भैरवगढला गेली होती. तिथे छपाईवाले कापडावर लाकडी ठसे मारतात, त्यांचा ठेका डोक्यात घेऊन आली आणि त्यावरच गीत बसवले. आमच्या मंडळीतले सगळ्यांत वडील भय्यासाहेब रागावले. हा देवाचा दरबार आहे की बाजार, असे म्हणाले. ही सरळ त्यांच्या घरी गेली आणि विचारले की नासरेथात सुताराच्या घरी ठोकाठोकीच चालत असेल ना, मग प्रभूच्या कानाला ती सवयीचीच नाही का? भय्यासाहेबांनी तिला चहा पाजून परत पाठवले.

तू ये. लोभ आहेच, तो वाढता राहू दे.

तुझी
चारू


अहमदनगर
ता. ३ मार्च १९५४

चि. चारूस,
यज्ञेश्वराचे प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

गीते मिळाली. 'उंबरठ्यावर दिवा ठेवते' हे मी रविवारी उपासनेत नुसते वाचून दाखवले, तर मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावून बसल्या. पाळक होऊन मला सव्वीस वर्षे झाली. माझ्या प्रवचनाला त्या बहुतेक पेंगतात. तेव्हा तुझा थोडा हेवा वाटला, हे कबूल करतो.

देणगी देवाची असते आणि आपण नुसते भांडे असतो, हे जयूला सांग. भांड्याने फार नाचू नये, हेही सांग.

तुझी वहिनी जाऊन दोन वर्षे झाली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून मंडळीचे काम वाढवून घेतले आहे. मे महिन्यात मेळावा, नंतर देवळाच्या छपराची दुरुस्ती. दिवाळीच्या सुट्टीत मात्र नक्की येतो आणि आठवडाभर राहून सगळ्या चाली शिकून घेतो. मेळाव्यात यंदा जुन्याच चालींवर भागवू.

माझा फुटका गळा तयार ठेवतो, असे जयूला सांग. प्रभू तुम्हा दोघींना सांभाळो.

तुझा
दादा


उज्जैन
ता. १९ सप्टेंबर १९५४

ती. दादास सलाम.

जयू गेली. परवा शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता. मोतीझरा झाला होता. ताप उतरला होता. आम्हांला वाटले, बरी झाली.

तुला तार करायला शेजारच्या सुधाकररावांना पाठवले होते. ती पोचली की नाही, कळले नाही. आज रविवार आहे. लोक उपासनेला गेले आहेत. मी घरी आहे.

चारू


अहमदनगर
ता. २५ सप्टेंबर १९५४

प्रिय भगिनी चारू हीस,
ख्रिस्तात सांत्वन असो.

तार मिळाली नाही. तुझे पत्र वाचून मन सुन्न झाले. पण चारू, आपण आशाहीन लोकांसारखे रडू नये. जयू आपली नव्हतीच, ज्याची होती त्याने ती परत नेली. स्वर्गातल्या गायकवृंदात त्याला एक गळा कमी पडला असेल. त्याची इच्छा आपल्या आकलनाबाहेर असते, तिच्यापुढे मान तुकवण्यातच शांती आहे. ज्याचे सर्वस्व हिरावले गेले त्या ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाच. प्रार्थना सोडू नकोस. तुझ्या या दुःखातून पुढे सुंदर गीते निघतील, असा माझा विश्वास आहे.

पुढच्या आठवड्यात इथे पाळकांची परिषद आहे, त्यामुळे लगेच निघता येत नाही. इथली सारी मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करीत आहे.

तुझा
यज्ञेश्वर


उज्जैन
ता. ५ नोव्हेंबर १९५४

दादा,

तुझे पत्र सहा आठवडे पेटीवर पडून होते. उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. पण तुला न सांगता राहता येत नाही आणि सांगायला दुसरे कोणी नाही.

स्वर्गात एक गळा कमी पडला, असे तू लिहिलेस. दादा, देवाकडे एवढे देवदूत आहेत. माझ्याकडे एकच होती. सुंदर गीते निघतील, असेही लिहिलेस. मला नकोत. माझ्या मुलीच्या बदल्यात निघालेले गीत तू तुझ्या मेळाव्यात म्हणणार आहेस का?

आता नीट ऐक. हे मी इथे कोणाला सांगितलेले नाही.

एकोणीस दिवस तिच्या पोटात ताकाचे पाणी आणि मोसंबीचा रस याशिवाय काही नव्हते. डॉक्टरांनी बजावले होते की ताप उतरला तरी दहा दिवस घट्ट काही द्यायचे नाही. विसाव्या दिवशी अंग गार लागले. मी देवाचे आभार मानले. माझ्यापुरती पोळी करीत होते, तर ती खाटेवरून म्हणाली की आई, वास येतोय, मला फार भूक लागली आहे. मी नाही म्हटले. तिने पुन्हा मागितले. लहानपणी मागायची तशी, हात पुढे करून. मी अर्धी पोळी दुधात कुस्करून दिली. किती सावकाश खाल्ली तिने! खाऊन झाल्यावर हसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्त जायला लागले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे संपले.

आता मला सांग, तुझ्या देवाची इच्छा होती की माझी पोळी होती? त्याची इच्छा असेल, तर त्याने माझाच हात का वापरला? आणि माझी पोळी असेल, तर मी कोणाकडे क्षमा मागू? ती तर नाही.

गेल्या महिन्यात प्रभुभोजन होते. पाळकसाहेब भाकरीचा तुकडा घेऊन माझ्यापाशी आले, 'हे माझे शरीर आहे' म्हणाले, आणि मी हात पुढे करू शकले नाही. उठून बाहेर आले. लोकांना वाटले, चक्कर आली.

चालीही गेल्या. मंडळीतल्या बायका येऊन बसल्या, प्रत्येकीने आठवेल तसे म्हणून पाहिले. एकीचे एकीशी जुळेना. भय्यासाहेबही आले होते. नाताळच्या गीताची पहिली ओळ उचलली आणि पुढे त्यांना रडूच आवरेना. मी तिची आई. सहा वर्षे रोज ऐकत होते. माझ्या डोक्यात तिचा आवाज आहे, ती पेटीवर वाकून बसलेली दिसते, पण सूर लागत नाहीत. तू दिवाळीला येणार होतास ना? दिवाळी झाली.

चारू


अहमदनगर
ता. १६ नोव्हेंबर १९५४

माझ्या चारूस,

तुझे पत्र मी देवळात बसून वाचले आणि वाचून झाल्यावर तिथून उठवेना. मागचे पत्र मी पाळक म्हणून लिहिले होते. तसली पत्रे मी वर्षाला तीस-चाळीस लिहितो, त्यांतलीच वाक्ये तुला पाठवली. तुझा भाऊ त्या पत्रात नव्हता. मला क्षमा कर.

इथल्या मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो होतो. नाव न सांगता सगळे विचारले. ते म्हणाले की टायफॉईडच्या या तापात तिसऱ्या आठवड्यात आतड्यातून रक्त जाते, पाण्याशिवाय काही न घेतलेल्यांचेही जाते. पोळीने झाले की नाही, हे कोणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. मी त्यांना म्हटले, पोळीने झाले नाही एवढे मला लिहून द्या. ते म्हणाले, पाळकसाहेब, खोटे लिहून दिले तर जिच्यासाठी नेता आहात तिला ते कळेल. म्हणून जे ते म्हणाले तेवढेच लिहितो आहे.

आता माझेही ऐक. तुझी वहिनी गेली तेव्हा मी वडाळ्याला शिबिरात होतो. तिने जाऊ नका म्हटले होते. मी म्हटले, देवाचे काम आहे. परत आलो तो तिला झाकून ठेवलेले होते. त्यानंतरच्या रविवारी मी आनंदावर प्रवचन दिले आणि लोक म्हणाले, काय विश्वास आहे! चारू, त्या दिवसापासून मी प्रार्थना म्हणतो, करत नाही. एकटा गुडघे टेकले की छपराच्या वाशांकडे बघत बसतो. हे मी कोणाला सांगितले नव्हते. तूही नको सांगू.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' या प्रभूने वधस्तंभावरून विचारलेल्या प्रश्नालाही वरून उत्तर आले नव्हते, एवढेच मला ठाऊक आहे. तू प्रार्थना करू नकोस. येत नसेल तर राहू दे. तुझ्या वाटची मी करून बघतो. दुसऱ्यासाठी कदाचित मला जमेल.

दिवाळीला न आल्याचे तू विचारलेस. कामे होती, ते खरे. पण मला भीती वाटली, हेही खरे. नाताळची उपासना आटोपून त्याच दिवशी निघतो. पाळकाचा झगा आणणार नाही.

तुझा
दादा


उज्जैन
ता. ३० ऑक्टोबर १९५६

ती. दादास,
चारूचा सलाम.

बऱ्याच दिवसांत लिहिले नाही, रागावू नकोस. दोन वर्षांपूर्वी नाताळात तू येऊन नऊ दिवस राहिलास, रोज माझ्याबरोबर कबरस्थानात चालत आलास आणि एकदाही बायबलातले वचन काढले नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानते.

इथली बातमी अशी की परवापासून आमचे मध्यभारत राज्य संपते आहे. कचेऱ्या भोपाळला जाणार, म्हणून मराठी घरे भराभर उठली. भय्यासाहेब मुलाबरोबर गेल्या सोमवारी गेले. देवास गेटच्या स्टँडवर त्यांच्या मोटारीपाशी मी उभी होते, तर म्हातारा माझा हात सोडेना. आता मराठी मंडळीत आम्ही अकरा माणसे उरलो. पाळकसाहेबांनी सांगितले की पुढच्या रविवारपासून सगळ्यांची उपासना हिंदीतच होईल. त्यांचाही इलाज नाही.

परवाची रविवारची उपासना मराठीतली शेवटची होती. शनिवारी संध्याकाळपासून मी जाणाऱ्या लोकांसाठी गीतांच्या वह्या उतरून काढत होते. सकाळीही तेच चालू होते, चहा घ्यायचेसुद्धा ध्यानात राहिले नाही. उपासनेत पाळकसाहेब म्हणाले की आज चारूबाईंचे एक गीत व्हावे. कोणाला चाल येत नव्हती. कोणीतरी म्हणाले, दुसऱ्या एखाद्या चालीवर बसवू. मी नको म्हटले. उभी राहिले आणि नुसते वाचले. दादा, ते गीत फार उघडे वाटले. प्रत्येक ओळ संपली की तिथे जयू असायची, आता नुसती शांतता होती. तरी मी शेवटपर्यंत वाचले. चाली गेल्या त्या गेल्याच. त्या परत येतील म्हणून मी दोन वर्षे कान लावून बसले होते, आता बसणार नाही.

मग प्रभुभोजन झाले. या दोन वर्षांत मी त्याआधीच उठून बाहेर जात असे. त्या दिवशी दार बंद होते आणि एवढ्या थोड्या माणसांतून उठून जायचे मला बरे वाटले नाही. पाळकसाहेबांनी पाव मोडला. नुकताच भट्टीतून आणलेला होता, गरम. त्याचा वास आला आणि दादा, मला भूक लागली. आत्म्याची वगैरे नाही, पोटातली. घड्याळात वेळ झाली म्हणून जेवत होते आजवर, भूक अशी मला त्या सप्टेंबरपासून लागलीच नव्हती. मी हात पुढे केला.

तोंडात घास होता तेव्हा मला कळले की जयूलाही अशीच भूक लागली होती. एकोणीस दिवसांची. तिने आईपाशी मागितले आणि आईने दिले. त्याने ती गेली की नाही, हे तुझ्या डॉक्टरांना सांगता आले नाही आणि मलाही कधी कळणार नाही. पण ती हसली होती, दादा. गेली तेव्हा माझी मुलगी उपाशी नव्हती.

मी तिथेच बसून रडले. कोणी मला गप्प केले नाही.

अजून प्रार्थना येत नाही. तू माझ्या वाटची करतोस ना? बंद करू नकोस. पाळकसाहेब म्हणतात की हिंदी उपासनेसाठी काही लिहा. मी त्यांना म्हटले की हिंदीत मी भाजी घेते, शेजारणीशी भांडते, पण देवाशी त्या भाषेत माझी अजून ओळख नाही. ते म्हणाले, चारूबाई, भांडूनच सुरुवात करा. बघते.

थंडी सुरू झाली आहे. छातीला जप, शिबिरांना उघड्यावर झोपत जाऊ नकोस. तुझ्या प्रार्थनेत मला आणि माझ्या आठवणीत तुला जागा आहे, ती तशीच असू दे.

तुझी
चारू