धडधाकट माणसाची गोळी

दि. ३ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात नुसता ताप म्हणून लिहिलं, तेव्हा तेवढंच ठाऊक होतं. रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. अगदी अलीकडचा आहे, गोळ्या आजपासून घ्या आणि सिगारेट सोडा, असं डॉक्टर म्हणाले. पण मला झालंय काय? अजून रंगाचा डबा घेऊन तीन मजली शिडी चढतो. अंथरूण धरलं की बघू.

काल एका खोलीला पिवळा रंग दिला, आपल्या गच्चीवरच्या खोलीचा होता तसाच. तिथे बसून आपण एकच पेरू आळीपाळीनं चावायचो, आणि मोठा घास नेहमी तुझा. फार आठवण आली. उन्हाळ्यात मात्र येणार नाही. तुझ्या छोटीच्या ताटवाटीत माझी ताटवाटी नको.

रागाव हवं तर, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. १२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद दिला, आता बोलणी खा. पत्र वाचलं, शिलाई मशीन थांबवून रडले, मग राग आला. शहाण्या, हा विषाणू सुरुवातीपासूनच रक्तवाहिन्यांना आतून सूज आणतो. वरून तू ठणठणीत दिसतोस आणि आत हृदयाचा धोका वाढत असतो. त्यात तुझी सिगारेट म्हणजे आगीत तेल! गोळ्यांनी विषाणू दबतो, सूजही बरीच उतरते. भिंत पडल्यावर रंग देतोस का तू?

आणि ताटवाटीतून हे लागत नाही. मला कसं ठाऊक? छोटी पोटात होती तेव्हा माझ्या रक्तात हेच निघालं. तुझ्या दाजींच्याही. तेव्हापासून आम्ही दोघं रोज गोळी घेतो. रक्तवाढीची आहे, असं तुला सांगत आले. छोटीला काही नाही. परवा शाळेत धावण्यात पहिली आली, मामावर गेलीय.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे. भेटलास की कान उपटीन.

ताई

दि. २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळी सुरू केली. दोन दिवस मळमळलं, आता ठीक आहे. सिगारेट दिवसाला एकीवर आलीय, तीही सोडतो. उन्हाळ्यात येतोय. छोटीला सांग, मामा शर्यत लावणार आहे.

तुझं पत्र खिशात घालून शिडी चढलो आणि वरच बसून राहिलो. छोटी झाली तेव्हा मी आलो होतो. खोलीभर फुगे लावले, गच्चीवरच्या गमती सांगितल्या आणि तू पोट धरून हसलीस. मला माझं कळलं तसा मी तुला लिहायला बसलो. तू तेव्हा कोणाला लिहिलंस गं?

तुझा धाकटा